उतारवयाचे काम

(रविवारच्या उपासनेनंतर किंवा संध्याकाळच्या घरसभेत घेण्याजोगा पाठ. शास्त्रभाग: २ शमुवेल १७:२७-२९ आणि १९:३१-४०.)



दसरा झाला म्हणजे आमच्या तीर्थपुरीच्या आसपासच्या गावांत एक मोठा बदल दिसू लागतो. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडपी, ज्यांस आपण कोयता असे म्हणतो, ती चूलबोचके ट्रॅक्टरात घालून ऊसतोडीस निघून जातात. गळिताचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत, पुष्कळ घरांत दोनच प्रकारची माणसे उरतात: शाळेत जाणारी नातवंडे आणि कष्टाच्या कामास न चालणारी म्हातारी माणसे. ह्या दिवसांत घरभेटीस गेलेल्या प्रत्येक उपदेशकास व बायबलबाईस एक प्रश्न ऐकावा लागतो. कोणी आजी म्हणते, "हातात विळा धरवत नाही, डोळ्यांस दिसत नाही, देवाने मला आता कशाला ठेवले आहे?"

ह्या प्रश्नास "असे बोलू नये, आजी" एवढेच उत्तर देऊन उठणे सोपे आहे. परंतु ते उत्तर नव्हे. प्रश्न खरा आहे आणि त्याचा विचार झाला पाहिजे. तो पूर्वीपेक्षा आज अधिक घरांत उभा राहिला आहे. इ.स. १९४१ ते १९५० ह्या दशकात आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आता ते सत्तरीच्या घरात आले आहे. सन २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसे दहा कोटींहून अधिक मोजली गेली, आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होती. म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळी जे वय थोड्यांच्या वाट्यास येत होते, ते आज पुष्कळांस लाभते. वर्षे मिळाली; ती कशासाठी, हे मात्र पुष्कळांस कोणी सांगितले नाही.

ह्या पाठात जे सांगावयाचे ते थोडक्यात असे: वार्धक्य हे काम संपल्याचे चिन्ह नव्हे, काम बदलल्याचे चिन्ह होय. त्या बदललेल्या कामाचे नाव सोपवून देणे असे आहे. हे कसे, ते एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकू.

१. गोष्ट

अबशालोमाने बंड केले तेव्हा दावीद राजा यरुशलेम सोडून यार्देनेपलीकडे महनाईम येथे पळून आला. त्याची माणसे भुकेली व थकलेली होती. तेव्हा बर्जिल्लय नावाचा गिलादातील एक वृद्ध गृहस्थ आणखी दोघांसह बिछाने, भांडी, गहू, जव, भाजलेले धान्य, डाळी, मध, लोणी व मेंढरे घेऊन आला. राजाचे राज्य जाणार की राहणार हे कोणासही ठाऊक नसता त्याने हे केले.

पुढे बंड मोडले व राजा परत निघाला. त्यास नदीपार पोहोचविण्यास बर्जिल्लय आला. राजा त्यास म्हणाला की, तू माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. ह्यापेक्षा मोठा मान कोणता? तरी बर्जिल्लयाने तो नाकारला. त्याचे उत्तर चार भागांचे आहे. माझे वय ऐंशी आहे, मला अन्नाची चव कळत नाही व गाणे ऐकू येत नाही, हे त्याने सरळ सांगितले. मी नदीपलीकडे थोडासा येईन, हे कबूल केले. मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ राहू द्यावे, अशी विनंती केली. आणि शेवटी किम्हाम नावाच्या तरुणास पुढे करून, माझ्या जागी ह्यास न्या, असे सांगितले. राजाने त्याचे चुंबन घेतले, त्यास आशीर्वाद दिला, आणि म्हातारा आपल्या घरी परतला.

ह्या चार भागांचा एकेक करून विचार करू.

२. वय सरळ सांगणे

बर्जिल्लयाने आपले उणे झाकले नाही आणि त्याचे रडगाणेही गायले नाही. जे घडत होते ते त्यास समजले होते. आपल्या घरांतील पुष्कळसे तंटे हे न समजल्यामुळे होतात. म्हणून उतारवयात शरीरात काय घडते ते तरुणांनीही शिकून घ्यावे.

डोळ्यांपासून आरंभ करू. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते व जवळचे अक्षर दिसेनासे होते. म्हणूनच आपल्या भाषेने चष्म्यासच चाळिशी हे नाव दिले आहे. पुढे तेच भिंग गढूळ झाले म्हणजे त्यास मोतीबिंदू म्हणतात. हे नशिबाचे आंधळेपण नव्हे. लहानशा शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून नवे बसविता येते आणि सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य होते. दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे ओसरीवर बसून असलेली माणसे आपल्या मंडळीत असतील, तर तो आपला दोष समजावा.

कानाचे असे आहे की, म्हातारपणी बारीक व उंच आवाज आधी नाहीसे होतात. स, श, फ, त ही व्यंजने त्यांतच मोडतात. म्हणून म्हाताऱ्यास आवाज येतो पण शब्द कळत नाही. घरची माणसे मग ओरडतात, आणि ओरडल्याने शब्द अधिक स्पष्ट होत नाही, केवळ मन दुखावते. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे.

नाकाची व जिभेची शक्तीही मंदावते. सासूबाई रोज भाजीस आळणी म्हणतात त्यात सुनेचा दोष असेलच असे नाही, आणि सासूचा हेकाही असेलच असे नाही. बर्जिल्लयानेही राजाच्या पक्वान्नांविषयी हेच सांगितले होते. त्याहून जपण्याची गोष्ट तहान होय. म्हातारपणी शरीरास पाणी हवे असते, परंतु तहानेची जाणीव बोथट होते. मराठवाड्याच्या वैशाखात उन्हाचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी "पाहिजे असेल तर मागतील" असे म्हणून बसणे धोक्याचे आहे. न मागता तांब्या पुढे करावा.

हातापायांच्या मांसाचे बळ वयाबरोबर घटते. परंतु बसून राहिल्याने ते फार वेगाने घटते. म्हणून "तुम्ही काही करू नका, बसून राहा" ही माया नेहमीच हिताची नसते. अंगणात फिरणे, शेंगा निवडणे, शेळीस पाला घालणे हे त्यांचे औषध आहे.

आता स्मरणशक्ती. साठी बुद्धी नाठी अशी म्हण आहे, परंतु ती पुरती खरी नव्हे. नाव चटकन न आठवणे हे वयाचे लक्षण आहे. शब्दांचा साठा, माणसांची पारख व अनुभवाचा विचार हे पुष्कळ काळ टिकतात. मात्र ओळखीच्या वाटेने घरी परत येता न येणे, आताच जेवलो हे पुनःपुन्हा विसरणे, पोटच्या मुलास न ओळखणे, हा मेंदूचा रोग होय. त्यास म्हातारचळ म्हणून हसू नये, बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेऊ नये. डॉक्टरास दाखवावे आणि त्या मनुष्याशी धीराने वागावे. त्याची आठवण गेली तरी मायेचा हात त्यास कळतो.

३. थोडे पुढे येईन

बर्जिल्लयाने यरुशलेमेस जाणे नाकारले, पण यार्देन ओलांडून थोडे अंतर जाण्याचे नाकारले नाही. मला काहीच जमत नाही, असे तो म्हणाला नाही. मला इतके जमते, असे म्हणाला. उतारवयात हे माप ओळखणे हेच शहाणपण आहे. तरुणाएवढे करू पाहणारा म्हातारा पडतो, आणि काहीच न करणारा म्हातारा कुजतो.

आपल्या महाराष्ट्रात ह्याची मोठी उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) ह्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभारले व दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींस आश्रय दिला. त्यांस तरुणपणापासून कमी ऐकू येत असे. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. हेतू हा की, थोडे शिकलेल्या खेड्यातील स्त्रीसही ते कळावे. हे काम धावपळीचे नव्हते; एका जागी बसून, रोज थोडे थोडे असे होते, आणि उतरत्या वयास ते साजेसे होते. ते छापण्याचे कामही मुक्तीतच तेथील स्त्रियांच्या हातून होई.

महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचाही जन्म १८५८ चा. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढिले तेव्हा, म्हणजे १९१६ मध्ये, ते ५८ वर्षांचे होते. पुष्कळांनी तेथे विसावा घेतला असता. परंतु १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. पुढे १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांस भारतरत्न हा मान मिळाला, आणि १९६२ मध्ये ते वारले.

परंतु येथे आमच्या आजी म्हणतील, "ती मोठी शिकलेली माणसे. आम्हांस अंगठाच उठविता येतो." हा आक्षेप योग्य आहे, म्हणून आता बर्जिल्लयाच्या उत्तराच्या मुख्य भागाकडे वळू.

४. हा किम्हाम पाहा

म्हाताऱ्याने मान नाकारला, पण वाया जाऊ दिला नाही. तो तरुणाच्या हाती दिला. किम्हामास राजाच्या घरी जागा मिळाली ती बर्जिल्लयाच्या जुन्या चांगुलपणामुळे. पुढे बेथलेहेमाजवळ किम्हामाच्या नावाने ओळखले जाणारे एक ठिकाण होते, असे यिर्मयाच्या पुस्तकात (४१:१७) आढळते. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने एक वाक्य बोलून जे सोपविले, ते त्याच्यामागे राहिले.

सोपवून द्यावयाचे ते काय? जमीन व भांडीच नव्हेत. जे पाहिले, सोसले व शिकले, तेही सोपवावयाचे असते. ह्या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८-१९३६) चरित्र प्रत्येक खेड्यातील स्त्रीने ऐकावे असे आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांस शाळा मिळाली नाही, आणि अकराव्या वर्षी लग्न झाले. लिहिणेवाचणे आले ते मोठेपणी, तेही बेताचेच. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले, तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. जगाच्या हिशेबाने तेथे त्यांचे आयुष्य संपावयाचे: कवीची विधवा, मुलाच्या आश्रयास राहणारी म्हातारी, एवढीच त्यांची ओळख उरावयाची.

परंतु त्यांचे मोठे काम त्यानंतरच झाले. टिळकांनी प्रभूच्या चरित्रावर ख्रिस्तायन हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिने त्या काव्यास साठाहून अधिक अध्यायांची जोड दिली. आणि मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी सांगावयास बसल्या, त्या स्मृतिचित्रे ह्या नावाने १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपाने आल्या. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. पंडितांसही न साधलेले हे त्यांस कसे साधले? त्यांनी विद्वत्ता आणली नाही. घरात जसे बोलत तसे लिहिले, आणि जे घडले ते आपल्या चुकांवर हसत हसत, काही न लपविता सांगितले. त्यांच्यापाशी जे होते, म्हणजे आठवण, खरेपणा व घरचे बोलणे, ते ह्या मंडळीतील प्रत्येक आजीपाशी आहे. फरक इतकाच की, त्यांस "आई, सांग, आम्ही ऐकतो" असे म्हणणारा मुलगा घरात होता.

हे एकट्या लक्ष्मीबाईंचे नव्हे. गी पॉइटेव्हिन व हेमा राईरकर ह्या दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ह्या ओव्या ज्यांनी गायल्या त्या बहुतेक निरक्षर व कष्टकरी स्त्रिया होत्या. गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी १९९६ मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ज्यांनी विचारले त्यांच्यामुळे त्या ओव्या वाचल्या. जेथे कोणी विचारले नाही तेथे त्या म्हातारीबरोबरच मातीत गेल्या.

आपल्या भागात सोपविण्याजोगे थोडे आहे काय? सन १९७२ चा दुष्काळ ज्यांनी दहा-बारा वर्षांचे असताना पाहिला, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. खडी फोडण्याचे काम, सुकडीची वाटणी, लाल मिलोची भाकर, कोणत्या विहिरीस शेवटपर्यंत पाणी राहिले, कोणत्या शेजाऱ्याने धान्य दिले, हे त्यांस ठाऊक आहे. पुढे २०१२-१३ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली व जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा अशी वेळ निभावता येते, हे स्वतः सोसून सांगणारी माणसे घरात होती. कर्जाने व नापिकीने खचलेल्या तरुणास सावकाराचा व बँकेचा हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. "आम्ही ह्याहून वाईट दिवस पाहिले व जगलो" असे म्हणू शकणारा मात्र घरातील म्हाताराच असतो. त्याने ते सांगितलेच पाहिजे. कदाचित त्याच्या उरलेल्या वर्षांचे कारण तेच असेल.

आणि ज्यांचा किम्हामच आधी गेला त्यांचे काय? मराठवाड्यात अशी घरे थोडी नाहीत, जेथे म्हाताऱ्या आईबापांनी कर्त्या मुलास अग्नी दिला किंवा माती दिली. त्यांस सोपा उपदेश करू नये. इतकेच सांगावे की, रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हाती त्या काम सोपविणार होत्या, ती १९२१ मध्ये वारली. त्या वेळी रमाबाई ६३ वर्षांच्या होत्या. भाषांतर अपुरे होते. ते त्यांनी सोडले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलात मरण आले तोवर ते पुरे होत आले होते. १९२४ मध्ये सबंध ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या रक्ताची मुलगी उरली नाही, तरी आश्रमातील मुली होत्या. किम्हाम पोटचाच असावा लागतो असे नाही. पाठीमागे राहिलेले नातवंड, शेजारचे पोर, मंडळीतील एखादा तरुण, ह्यांच्याही हाती देता येते.

५. मला माझ्या घरी राहू द्या

बर्जिल्लयाने सोपविले, परंतु स्वतःस उघड्यावर टाकिले नाही. त्याने आपले घर व गाव राखिले. ही गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण मायेच्या भरात सातबारा मुलांच्या नावे करून देऊन मग पाळीपाळीने दाराशी ताट मागणारे आईबाप आपण पाहतो.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांचे पालनपोषण व कल्याण ह्यांविषयी २००७ मध्ये कायदा झाला आहे. त्याप्रमाणे, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांस मुलांकडून पोटगी मागता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मालमत्ता बक्षीसपत्राने दिली असता, ज्यास दिली त्याने सांभाळ करावा अशी अट होती व तो करीत नाही असे ठरले, तर तो दस्त रद्द करविता येतो. म्हणून अट तोंडी ठेवू नये, दस्तातच लिहून घ्यावी. मृत्युपत्र केले तर मालकी हयातीपर्यंत आपलीच राहते, हेही समजून असावे. सोपविणे म्हणजे निराधार होणे नव्हे.

निराधार वृद्धांसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. ती वय वर्षे ६५ व त्यापुढील गरजूंसाठी असून तिची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये करण्यात आली. अर्ज तहसील कार्यालयात होतो. एस.टी. गाडीत ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे भाडे आहे, आणि ७५ वर्षे पुरी झालेल्यांस २०२२ पासून भाडे पडत नाही. ह्या गोष्टी सांगणे उपदेशकाचे काम नव्हे असे कोणी समजू नये. विधवांच्या पोटापाण्याची व्यवस्था पाहण्यासाठी पहिल्या मंडळीने सात माणसे निवडली होती (प्रेषितांची कृत्ये ६).

आणखी एक खरी गोष्ट. बर्जिल्लय फार श्रीमंत होता. मी राजास ओझे का व्हावे, असे तो म्हणू शकला, कारण त्याच्या घरी चाकर होते. आपल्या गावची अंथरुणास खिळलेली विधवा तसे म्हणू शकत नाही. तिला दुसऱ्याच्या हातून पाणी प्यावे लागते, दुसऱ्याच्या हाताने कूस बदलावी लागते. तिने ह्याची लाज बाळगू नये. जिने वर्षानुवर्षे दुसऱ्यांची लेकरे न्हाऊमाखू घातली, तिने आता सेवा घेतली तर ते ओझे नव्हे, फेड आहे. पेत्रासही प्रभूने सांगितले होते की, म्हातारपणी तुला दुसऱ्याच्या हाती जावे लागेल (योहान २१). ज्यांस काहीही करता येत नाही त्यांचेही एक काम उरते: आपल्याजवळ बसलेल्यास माणुसकी शिकविणे. ज्या घरात आजीची सेवा होते त्या घरातील मूल ती डोळ्यांनी शिकते, आणि तेच पुढे आपल्या आईबापांस देते.

६. उपदेशकांसाठी सूचना

हा पाठ म्हाताऱ्यांस बाजूस बसवून तरुणांपुढे घेऊ नये. म्हाताऱ्यांस पुढच्या सतरंजीवर, बोलणाऱ्याचे तोंड दिसेल असे बसवावे. शास्त्रभाग वाचून झाल्यावर प्रथम त्यांसच बोलू द्यावे, आणि ते सावकाश बोलले तरी मध्ये वाक्य पुरे करून देऊ नये. ज्या घरांतील माणसे ऊसतोडीस गेली आहेत त्या घरांची यादी करावी. त्यांपैकी प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा कोणी तरी जावे: पाणी भरून द्यावे, औषध संपले आहे का ते पाहावे, आणि घाईने न उठता बसावे. नातवंडांस सांगावे की, त्यांनी आजी-आजोबांस रोज एक गोष्ट विचारून वहीत लिहून ठेवावी. आई-बाप परत येतील तेव्हा ती वही त्यांस दाखवावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. बर्जिल्लयाने आपल्या वयाविषयी काय काय सांगितले? आपल्या घरातील वृद्धांस ह्यांपैकी कोणते उणे आहे, आणि ते आपणांस कसे कळले?

२. राजाचा मान त्याने का नाकारला? तो आळस होता, भीती होती, की शहाणपण होते?

३. आपल्या मंडळीत जे काम म्हातारी माणसेच चांगले करू शकतील असे कोणते आहे? ते आज कोणाकडे आहे?

४. लक्ष्मीबाईंस आठवणी सांगावयास त्यांच्या मुलाने लाविले. आपल्या घरी कोणी कोणास असे लाविले आहे काय?

५. मुलांच्या नावे जमीन करून देण्यापूर्वी आईबापांनी कोणती काळजी घ्यावी? ती घेणे म्हणजे मुलांवर अविश्वास दाखविणे होय काय?

६. "देवाने मला आता कशाला ठेवले आहे?" असे म्हणणाऱ्या आजीस आज तुम्ही काय उत्तर द्याल? उत्तर देण्यापूर्वी तिला कोणता प्रश्न विचाराल?

सहाव्या प्रश्नावर घाई करू नये. वेळ कमी पडल्यास तो पुढच्या सभेसाठी राखून ठेवावा, आणि मधल्या दिवसांत प्रत्येकाने एका वृद्ध मनुष्याजवळ बसून त्याचे उत्तर त्याच्याच तोंडून घेऊन यावे.